रुमालाखालचं शून्य

कळंबच्या मोंढ्यामागच्या सार्वजनिक वाचनालयात आज सगळे कॉम्प्युटर विनातक्रार चालू आहेत. त्यांच्या पडद्यावर जो डेस्कटॉप दिसतो तो तिथल्या ऑपरेटरनं, म्हणजे शिवकुमारनं, स्वतः घडवलेला आहे. पोलीस भरतीची पोरं त्यावर सराव परीक्षा देतात आणि खुशीत घरी जातात. या गोष्टीचा शेवट हा असा आहे.

परंतु असं काहीही घडलेलं नाही. वाचनालयाच्या वार्षिक सभेनं एकमतानं तसा ठरावच केला आहे की, सदर कॉम्प्युटरवर कोणताही डेस्कटॉप निवडण्यात, बसवण्यात वा पाहण्यात आलेला नाही. ठरावाला अनुमोदन देणारे गृहस्थ त्याच क्षणी त्याच डेस्कटॉपवर जावयाचा सातबारा शोधत होते, पण तो त्यांचा घरगुती मामला. आपण ठराव मानणारी माणसं. तेव्हा वरचा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं आणि नव्यानं सुरुवात करावी.

शिवकुमार वाचनालयात मानधनावर होता. मानधनावरचा माणूस म्हणजे पंगतीत पाहुणा आणि भांडी घासायला घरचा. यंदाच्या वार्षिक सभेत त्याला कायम करायचं, असं अध्यक्षांनी तोंडानं सांगितलं होतं. या 'कायम'वर बरंच काही टांगलेलं होतं. धाराशिवला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणारी शिवलीला त्याला पसंत होती, तोही तिला चालण्यासारखा होता, आणि तिच्या वडिलांनी शब्द दिला होता, "पोरगा कायम झाला की सुपारी फोडू." शिवकुमारची आई इरम्मा हिनं तर आहेराच्या साड्या घडी मोडून पुन्हा घडी घालून ठेवायला सुरुवात केली होती. सभा व्हायची बाकी होती, एवढंच.

आणि नेमके तेव्हाच कॉम्प्युटर बसले.

बसले म्हणजे उठेनात. त्यांच्यातली जुनी प्रणाली थकली होती. बटण दाबून पोरं खाली चहा प्यायला जायची, चहा पिऊन, उधारीवरून वाद घालून परत यायची, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच. शिवकुमारनं संचालक मंडळापुढं विषय ठेवला. मंडळ म्हणजे तसे पुष्कळ लोक होते, पण बोलणारे दोनच. एक अध्यक्ष शरणबसप्पा शेठ, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने अडते. खांद्यावर कायम पांढरा रुमाल आणि नजर अशी की समोरच्या माणसात माती किती, काडीकचरा किती आणि ओल किती, हे एका दृष्टीत सांगावं. दुसरे सचिव गुरुसिद्धप्पा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. गुरुजींनी उभ्या नोकरीत एकाही उत्तरपत्रिकेवर विश्वास ठेवला नव्हता आणि आता निवृत्तीनंतर ही सवय मोडण्याइतका वेळ त्यांना मिळत नव्हता.

"नवे कॉम्प्युटर नकोत," शिवकुमार म्हणाला. "हेच पळतील. फक्त आतली प्रणाली बदलू. लिनक्स टाकू. फुकट मिळतं."

'फुकट' या शब्दानं खोलीतली हवा बदलली. शेठनी ओठापर्यंत नेलेली बशी खाली ठेवली.

"फुकट कामून?"

"जगभरातली माणसं मिळून करतात शेठ. आवड म्हणून."

"कोन हायत ती?"

"कुणीही असतं. एखादा जर्मनीतला, एखादी ब्राझीलमधली..."

"त्येंला आपलं कळंब ठावं हाय?"

"नाही."

"वळख न्हाय, पाळख न्हाय, मंग आपल्याला फुकट कामून देऊलालेत?"

या प्रश्नाला शिवकुमारकडं उत्तर होतं, पण ते कळंबमध्ये चालणारं नव्हतं. मोंढ्यात एक साधा नियम आहे : पैसे मागणारा माणूस लबाड असू शकतो, पण न मागणारा नक्कीच असतो. मागणाऱ्याचा निदान डाव कळतो.

तरी त्यानं धीर केला. समजावून सांगितलं की आतली प्रणाली म्हणजे गोदाम आणि समोर दिसतो तो डेस्कटॉप म्हणजे दुकानाची मांडणी. गोदामात ज्वारी तीच, पण एक दुकानदार ती टोपलीत ठेवील, एक काचेच्या बरणीत, एक पोत्यात. लोक आपापल्या आवडीची मांडणी बनवतात आणि सगळ्यांना वाटून टाकतात. शेठना हे पटलं. म्हणजे समजलं, पटायची सवय त्यांना नव्हती.

इथं शिवकुमार गप्प बसला असता तर आज सुखी असता. पण गुरुजींनी सहज विचारलं, "या मांडण्या किती प्रकारच्या?" आणि प्रामाणिकपणाचा झटका येऊन तो म्हणाला, "बऱ्याच आहेत. नोम आहे, केडीई आहे, एक्सएफसीई आहे..."

गुरुजींनी चष्मा काढला. "मग तीन कोटेशन लागतील."

"गुरुजी, पण फुकट..."

"फुकट आहे हे तुम्ही सांगता. कोटेशन सांगत नाही."

ज्यांना अनुदानावरच्या संस्थेचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. अशा संस्थेत भिंतीला खिळा ठोकायचा तरी तीन दुकानदारांचे दर मागवतात, ते एका तुलनात्मक तक्त्यात मांडतात आणि सगळ्यात कमी दराचा खिळा घेतात. ती तिन्ही कोटेशनं एकाच दुकानात, एकाच टेबलावर, एकाच माणसानं पेन बदलून लिहिलेली असतात हे सर्वांना ठाऊक असतं. वाचनालयासाठी हे काम वर्षानुवर्षं एसटी स्टँडसमोरचा मल्लिकार्जुन करायचा. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तीन वेगवेगळ्या नावांचे शिक्के होते. पण जी वस्तू विकतच नाहीत तिचं कोटेशन द्यायला मल्लिकार्जुननंही नकार दिला. "इमानाचा प्रश्न हाय," तो म्हणाला.

मग शिवकुमारनं थेट त्या जगभरातल्या स्वयंसेवकांनाच लिहिलं. 'आपला दर लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, जीएसटी क्रमांक नमूद करून कळवावा.' एका ठिकाणाहून नम्र उत्तर आलं की, आपल्या आस्थेबद्दल आभार, हे सर्व मोफत आहे, वापरताना दोष आढळल्यास जरूर कळवा आणि दुरुस्त करून पाठवलात तर फारच उत्तम.

गुरुजींनी त्याची छापील प्रत तीनदा वाचली. "म्हणजे मालात दोष आहे हे ते स्वतःच कबूल करतात. दुरुस्ती आपणच करायची. आणि दुरुस्त केलेला माल परत त्यांनाच पाठवायचा." त्यांनी प्रत उन्हाकडं धरून पाहिली. "यात काहीतरी आहे."

दुसरीकडं त्यानं इंटरनेटवरच्या एका खुल्या चर्चेत प्रश्न टाकला होता की, एका वाचनालयासाठी यातलं कोणतं बरं? दर कुणीच सांगितला नाही, पण कोणतं बरं यावरून तिथं जी जुंपली ती आजही चालू आहे. एकानं दुसऱ्याची अक्कल काढली, दुसऱ्यानं पहिल्याची सबंध कारकीर्द काढली, तिसरा रागानं निघून गेला आणि लगेच परत आला. ते वाचताना शिवकुमारला त्या अनोळखी माणसांबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. ही तर आपल्या गल्लीतलीच माणसं होती.

गल्लीतल्या माणसांवरून आठवलं. शिवकुमारच्या शेजारी लिंबाजी मामा राहत. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेलेली. ते म्हणाले, "पोरा, तुझं चुकूलालंय कुठं सांगू का? फुकट म्हनू नगंस. बारकं का असंना, तिकीट लाव. गाडीत बिनतिकिटाचा मानूस बसला की समदी गाडी त्येच्याकडं बघती. त्यो मग खिडकीतून भाईर बघत असला तरी लोकांला वाटतंय, उडी मारायला जागा हुडकतोय."

शिवकुमारनं हसून दुर्लक्ष केलं. ही त्याची पुढची चूक.

कोटेशन येईनात, तेव्हा गुरुजींनी तोडगा काढला : दर नंतर पाहू, आधी नमुना तपासू. तीन कॉम्प्युटरवर तीन मांडण्या बसवल्या. शेठ नमुना बघायला आले. मोंढ्यात पोत्यात बंबी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून आतला माल तळहातावर घेतात, फुंकर मारतात, दोन दाणे दाढेखाली चावतात. इथं काय चावावं हे न कळून त्यांनी पडद्यावर बोटाची टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

पहिल्या पडद्यावर नोमची खूण होती. पाऊल.

"ह्यो पाय कुनाचा?"

"खूण आहे त्यांची शेठ. कंपनीची असते तशी."

शेठनी पडद्याला नाक लावलं. "बोटं चारच हायत."

शिवकुमारनं मोजली. इतकी वर्षं तो ती खूण बघत होता, पण हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच चार होती.

"पाचवं कुठं गेलं?" शेठ म्हणाले. हा प्रश्न कुणालाच नाकारता येईना. गुरुजींनी तक्त्याच्या शेरा या रकान्यात लिहिलं, 'एक बोट कमी. खुलासा मागवावा.'

दुसऱ्या पडद्यावर केडीई. शिवकुमार उत्साहानं म्हणाला, "यात सगळं बदलता येतं. रंग, आकार, जागा, वाटेल ते."

"समदं बदलता येतं म्हंजे कायम असं कायच न्हाय," शेठ म्हणाले. 'कायम' हा शब्द त्यांच्या तोंडून अशा सुरात आलेला ऐकून शिवकुमारनं चटकन तिसरा पडदा दाखवला.

तिसऱ्यावर एक्सएफसीई. हलकं, चपळ, जुन्या यंत्रावर हरणासारखं पळणारं. त्याची खूण उंदीर.

"वाचनालयात उंदीर?" गुरुजी खुर्चीतून उठले. त्यांचं दुःख खरं होतं. वाचनालयाच्या मोठ्या शब्दकोशातला 'ख' पासून 'घ' पर्यंतचा मजकूर उंदरांनी आधीच खाल्ला होता, त्यामुळं कळंबच्या वाचकांना गाढवाचा अर्थ बाहेर विचारावा लागे. "आम्ही औषध टाकतो आणि तुम्ही उंदीर बसवता?"

एवढ्यात शेठची नजर कचरापेटीच्या चित्रावर गेली. "ईशान्येला कचरा ठिवलाय. काढा."

यावर शिवकुमारनं फार विचार केला. पडद्याची ईशान्य कोणती? कॉम्प्युटर समोरासमोरच्या दोन भिंतींना लावलेले होते. या भिंतीकडं तोंड केलं की वरचा उजवा कोपरा ईशान्य, त्या भिंतीकडं केलं की तोच कोपरा नैऋत्य. म्हणजे एकाच वाचनालयात दोन वेगळ्या कचरापेट्या ठेवायच्या आणि कुणी टेबल हलवलं की पुन्हा सगळं करायचं. जर्मनीत आणि ब्राझीलमध्ये बसलेल्या माणसांच्या हे स्वप्नातही आलं नसणार. आणि तिथंच त्याच्या डोक्यात ती कल्पना आली, जिनं त्याचा घात केला.

या मांडण्यांची आतली घडण सगळ्यांना उघडी असते. कुणीही ती घ्यावी, बदलावी, आपलं नाव द्यावं. मग आपणच का करू नये?

त्यानं उंदीरवाली मांडणी घेतली आणि आधी उंदीर काढला. त्या जागी उघडं पुस्तक ठेवलं. कॉम्प्युटरचं तोंड कुठल्या दिशेला ते सांगितलं की कचरापेटी आपणहून योग्य कोपऱ्यात जाऊन बसेल अशी सोय केली. बहुधा जगात अशी सोय दुसरीकडं कुठं नसावी आणि लागतही नसावी. गुरुजींना दुरून दिसेल एवढं घड्याळ केलं. बंद करायचं बटण दाबलं की 'खरंच जायचं आहे का?' असं विचारणारी पाटी गुरुजींच्याच शब्दांत लिहिली : 'अभ्यास झाला का?' पोरांना मराठी टंकलेखनाची कळ हाताशी दिली. दुपारी वाचनालयात वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपणारे वाचक सोडले तर कुणी नसे. त्या दुपारींमध्ये शिवकुमार इतका रमला की आपण हे का करतोय हेच विसरला. नाव ठेवलं 'कळंब डेस्कटॉप', चाचणी म्हणून वाचनालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर बसवला आणि रिवाजाप्रमाणं तोही सगळ्या जगासाठी मोफत टाकून दिला.

थोड्याच दिवसांत कुठल्याशा लांबच्या देशातून एका अनोळखी बाईचा निरोप आला. तुमच्या घड्याळात एक चूक आहे, मध्यरात्र उलटली की तारीख अडखळते, ही घ्या दुरुस्ती. सोबत चार ओळी लिहून पाठवलेल्या.

शिवकुमारचा ऊर भरून आला. हे सगळं जग किती चांगलं आहे, असं त्याला वाटलं. ते वाटणं चहा संपेपर्यंत टिकलं. मग कप खाली ठेवता ठेवता त्याच्याच तोंडातून शब्द आले, "ही कामून देऊलालीय फुकट?"

त्या चार ओळी त्यानं दिवसभर तपासल्या. सुलट्या वाचल्या, उलट्या वाचल्या. काहीही सापडलं नाही, तेव्हा संशय आणखी वाढला. संध्याकाळी त्यानं दुरुस्ती स्वीकारली आणि घड्याळ सुधारलं. पण त्या बाईंना धन्यवाद लिहिताना हात जरा आखडता घेतला. म्हटलं, बघू.

इकडं गुरुजींनी तक्ता मांडला. नोम, दर शून्य. केडीई, दर शून्य. एक्सएफसीई, दर शून्य. कळंब, दर शून्य.

"आता यातलं कमीत कमी कोणतं?" गुरुजींनी विचारलं.

"सगळे सारखेच आहेत गुरुजी."

"सारखे दर आले की पुरवठादारांशी वाटाघाटी करायच्या असतात. शून्याच्या खाली कोण किती येतं ते पाहावं लागेल. परदेशी तिघं काही येणार नाहीत. राहिले चौथे. चौथ्याचा पुरवठादार कोण?"

"मी."

गुरुजींच्या चेहऱ्यावर कॉपी पकडल्याचं जुनं समाधान पसरलं. "म्हणजे माल तुमचा. घेणाऱ्या संस्थेचे नोकर तुम्ही. चांगला कोणता हे सांगणारेही तुम्ही. आणि म्हणता फुकट."

वाटाघाटींचा अधिकार अध्यक्षांचा. शेठ म्हणाले, "उद्या दुकानावर ये."

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात सोयाबीनची आवक दांडगी होती. पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या आरोळ्या, सगळीकडं बारीक धूळ. मोंढ्यात आता बोली उघड लागते, तोंडानं, सगळ्यांदेखत. पण शेठ पडले जुन्या जमान्यातले. पूर्वी घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचे, आणि भोवती गर्दी असली तरी आकडा त्या दोघांखेरीज कुणाला कळायचा नाही. जिव्हाळ्याचा सौदा असला की शेठ अजूनही असाच करत. शिवकुमार गादीवर बसला, तसा त्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला, दोघांच्या मध्ये धरला आणि म्हणाले, "हात दे."

"शेठ, तोंडानंच सांगतो की..."

"हात दे म्हन्लं ना. सौद्याला दस्तूर असतोय."

त्यानं हात घातला. शेठचा खरखरीत पंजा त्याचा हात चाचपायला लागला. आता प्रश्न असा होता की रुमालाखाली शून्य कसं दाखवायचं? एक असला की एक बोट, पाच असले की पंजा. शून्याला काय? या धंद्यात शून्य दाखवायची वेळ आजवर कुणावर आलीच नव्हती. त्यानं मूठ घट्ट मिटली.

"बोट दे की," शेठ हळूच म्हणाले.

"बोट नाही शेठ."

शेठ मूठ उघडायला लागले. तो मिटून धरायला लागला. रुमाल वरखाली व्हायला लागला. सोयाबीन घालायला आलेले शेतकरी, हमाल, समोरच्या आडतीवरचे मुनीम असे सगळे हातातलं काम टाकून गोळा झाले. शेठसारखा माणूस एका कॉम्प्युटरवाल्या पोराबरोबर रुमालाखाली एवढा वेळ घासाघीस करतोय म्हणजे आकडा साधा नसणार. अखेर शेठनी त्या मिटल्या मुठीवर एकदा अंगठा फिरवला. बोट नाही याची खात्री केली. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. तीच तर त्यांची कमाई होती.

"मंजूर," ते म्हणाले आणि रुमाल पुन्हा खांद्यावर टाकला.

त्यानंतर कळंबमध्ये जे झालं त्याला अफवा म्हणता येणार नाही, कारण अफवेत निदान एक आकडा असतो. इथं प्रत्येकाचा वेगळा होता. एक हमाल म्हणे, मनगट हललं तेव्हा पंजाच असणार. चहावाल्यानं तो पंजा हजारांत नेला. संध्याकाळी एसटी स्टँडवर मल्लिकार्जुननं त्याला गाठलं. गळ्यात हात टाकून प्रेमानं म्हणाला, "दोस्ता, आपन एका धंद्यातले. तुझा वाटा किती, तेवढं सांग."

"शून्य."

"म्हंजे सांगायचा न्हाय," मल्लिकार्जुन दुखावल्या सुरात म्हणाला. "न्हाय तर न्हाय. पर लबाड नगं बोलूस."

घरी इरम्मा वाट बघत होती. ती माहेरची उमरग्याकडची. चिडली की तिचं मराठी कन्नडात शिरायचं. "येनप्पा, काय रं हे? बाजारात बाया इचारूलाल्यात, तुझ्या लेकानं शेठकडून काय घेतलं म्हून. खरं सांग."

"काहीच नाही आई."

तिनं दार लोटून घेतलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "घेतलं असलंस तर मला द्यायचंस. मी निगुतीनं ठेवीन."

सभेला कधी नव्हे ती गर्दी झाली. आजवर वार्षिक सभेला गणपूर्तीसाठी वाचकांना झोपेतून उठवावं लागे. यंदा माणसं जिन्यावर उभी होती. शिवकुमारला कायम करण्याचा विषय शेवटी होता. त्याआधी गुरुजी उठले.

"अध्यक्ष महाराज, वाटाघाटीत कोणता दर ठरला, तेवढं सभेला सांगावं."

शेठ उठले. रुमालाला हात लावला. "रुमालाखालचं रुमालाखाली ऱ्हातंय."

"पण संस्थेचा व्यवहार आहे."

"संस्था माझीबी हाय गुरुजी. पर माझ्या बापानं, आज्यानं रुमालाखालचा आकडा भाईर सांगितला न्हाय. आज या पोराचा सांगितला, तर उद्या मोंढ्यात माझ्या रुमालाखाली कोन हात घालंल? इमान गेलं की मागं काय ऱ्हातंय, रुमाल?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत शिवकुमारचा कायम होण्याचा कागद हळूहळू खाली बसताना त्याला स्पष्ट दिसला. ज्या एका माणसाला खरं ठाऊक होतं, तोच सगळ्या तालुक्यात सगळ्यात इमानदार निघाला होता.

तो उठला. "मी सांगतो. शून्य. मी शून्य दाखवलं."

मागून मल्लिकार्जुनचा आवाज आला, अगदी सौम्य :

"शून्य दाखवायला रुमाल कशाला लागतोय?"

शिवकुमारनं शेठकडं पाहिलं. शेठ सतरंजीची वीण बघत होते.

मग गुरुजींनी ठराव मांडला. ज्या मालाला दर नाही, बिल नाही, लेटरहेडवाला पुरवठादार नाही, तो संस्थेच्या साठ्यात धरता येत नाही. साठ्यात नाही तो माल नाहीच. सबब कोणताही डेस्कटॉप निवडण्यात, बसवण्यात वा पाहण्यात आलेला नाही. काढून मात्र टाकू नये, कारण पोरांच्या परीक्षा तोंडावर आहेत. आणि ऑपरेटरनं पुरवठादारांकडून काहीही घेतलेलं नाही असा लेखी दाखला त्या पुरवठादारांकडूनच आणल्यास, त्याला कायम करण्याचा विषय पुढच्या सभेत घ्यावा. एकमतानं मंजूर.

जिना उतरताना शेठनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "पोरा, तू काय दाखवलंस ते मला ठावं हाय. असली मूठ म्या जन्मात धरली न्हवती." ते हळवे झाले. "पर सांगता यायचं न्हाय बग." आणि निघून गेले.

त्यानं शिवलीलाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. वकिलाच्या ऑफिसात राहून तिला मध्येच न बोलण्याची सवय लागली होती.

"एक विचारू? राग नका मानू," ती म्हणाली. "शून्यच ना?"

"शून्यच."

"माझा विश्वास आहे. बाबांचं अवघड आहे. ते म्हणतात, घेतलं असेल तर असा जावई नको. आणि नसेल घेतलं, तर मोंढ्यात एवढी घासाघीस करून शून्य घेऊन येणारा जावई काय कामाचा?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अर्ज करा," ती म्हणाली. "दाखला मागितल्याची पोच तरी बाबांना दाखवता येईल. मी मजकूर सांगते, लिहून घ्या. भाषा चोख पाहिजे."

तो लिहून घ्यायला लागला. समोरच्या पडद्यावर घड्याळ बरोबर चाललं होतं. त्यातल्या त्या चार ओळी त्याला आठवल्या आणि त्यानं अर्जात त्यांचाही प्रामाणिकपणे उल्लेख केला. अर्ज असा :

प्रति,
जगातील सर्व स्वयंसेवक विकासक
(गाव व तालुका माहीत नाही)

विषय : मला काहीही न दिल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

उपरोक्त विषयी विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, घड्याळाची एक दुरुस्ती वगळता आपण मला आजतागायत काहीही दिलेले नाही व मीही आपणांकडून ते घेतलेले नाही. तरी तसा संयुक्त दाखला आपण सर्वांनी एकाच कागदावर, एकाच शाईने सह्या करून, गोल शिक्क्यासह तीन प्रतींत द्यावा. सोबत नोमच्या पाचव्या बोटाचा खुलासा जोडावा. घड्याळाच्या दुरुस्तीमागे आपला हेतू काय होता, हे संबंधित बाईंनी स्वतंत्र कागदावर नमूद करावे. तसेच आपल्यापैकी किमान एकाने येत्या बाजाराच्या दिवशी कळंब मोंढ्यात स्वखर्चाने समक्ष हजर राहून माननीय अध्यक्षांच्या रुमालाखाली हात घालावा, काहीही दाखवू नये, आणि काहीही दाखवले नसल्याचे रुमाल बाजूला करून जमलेल्या सर्वांना दाखवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
शिवकुमार
ऑपरेटर (मानधनावर)